रेबीजचं इंजेक्शन घेतलं, तरी हात का सुजला?

काल संध्याकाळी घरच्या मांजरीने मनगटापाशी चावा घेतला, रात्री दंडात रेबीजची लस घेतली आणि आज सकाळी हात टम्म. ही लसीची रिअ‍ॅक्शन का, असं विचारलंयत. नाही हो. लसीने सूज आलीच तर दंडात येईल, मनगटात कशाला? हे काम मांजरीच्या तोंडातल्या जिवाणूंचं. रेबीज हा विषाणू. त्याची लस जिवाणूंचं काही वाकडं करू शकत नाही.

बहुधा हा पाश्चुरेला मल्टोसिडा. धडधाकट, घरातच असणाऱ्या मांजरींच्या तोंडातही तो असतो, तेव्हा ‘आमची मनी स्वच्छ आहे’ हे इथे उपयोगाचं नाही. चोवीस तासांच्या आत लाली, सूज, ठणका ही त्याची खूण. गंमत म्हणजे जिवाणूला नाव लुई पाश्चरचं, आणि 1885 मध्ये माणसाला रेबीजची लस दिली तीही त्यानेच.

कुत्रा चावला की जखम फाटते, भयंकर दिसते, पण निदान धुता तरी येते. मांजरीचा दात सुईसारखा खोल जातो, वरचं भोक मिटतं आणि जिवाणू आत कोंडतात. मनगटात, बोटांत तर कातडीखाली लगेच कंडरा आणि सांधे.

माझ्या अंगठ्यावर टाचणीएवढी दोनच भोकं होती. हळद दाबून झोपलो. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक मिळालं. गोळी चांगली, पण या जिवाणूवर फारशी चालत नाही, एरिथ्रोमायसिनचंही तेच. शेवटी चीर देऊन पू काढावा लागला. अंगठा अजून पूर्ण वळत नाही. चाव्यासाठी सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या, घरातली उरलेली पाकिटं उघडू नका.

तर आजच जा, सोमवारची वाट बघू नका. काय चावलं, किती वाजता, हे आपणहून सांगा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही. पानथरी (प्लीहा) काढलेली असेल तर आधी ते सांगा: कॅप्नोसायटोफागा नावाचा जिवाणू, मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतला, अशा माणसाला थेट सेप्सिसपर्यंत, म्हणजे रक्तात जंतुसंसर्ग पसरण्यापर्यंत नेऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

रेबीजचे पुढचे डोस मात्र चुकवायचे नाहीत. दात कातडीतून आत गेलाय, म्हणजे जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. काल दिलं नसेल तर विचारा, पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत देता येतं.

निघण्याआधी त्या हातातली अंगठी, बांगडी काढा, नंतर कापावी लागते. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा, वेळ लिहा. रेघेबाहेर लाली गेली, काखेकडे लाल पट्टा चढला, बोट सरळ करताना कळ आली किंवा ताप भरला, तर दवाखान्यात नंबर लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.