बिनचूक जमेल याची खात्री नसेल तर काही सुरूच होत नाही. ही सवय कशी मोडलीत?

तुम्ही लिहिलंय की साधा ईमेलही दहादा वाचल्याशिवाय पाठवत नाही, आणि नवीन काही शिकायचं ठरवलं की महिनोन्‌महिने नुसते व्हिडिओ बघत बसता. मीही असाच. त्यात नोकरी हिशेब तपासायची, म्हणजे चुका शोधण्याचाच पगार. तो डोळा घरी आल्यावरही मिटत नाही. माझी सवय थोडीफार मोडली ती स्वयंपाकघरात, लंबी रोटीच्या, म्हणजे आमच्या नागपूरकडच्या हातावर ताणायच्या रोटीच्या नादानं.

सोप्यापासून सुरुवात करा, असं सगळे सांगतात. माझं उलटं झालं. पोह्यांचा गिचका झाला की दिवसभर चिडचिड व्हायची, कारण पोहे तर कोणालाही येतात. लंबी रोटी मला पहिल्या फटक्यात जमेल असं मात्र घरात कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. त्यामुळे हात मोकळा झाला.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, ही रोटी पालथ्या मडक्यावर भाजतात. गव्हाचं पीठ बारीक कापडातून चाळायचं; कोंडा राहिला तर ताणताना रोटी तिथेच फाटते. मग मीठ-पाणी घालून इतकं सैल भिजवायचं की भज्यांचं पीठ वाटावं, आणि परातीत उचलून आपटायचं, चांगली पंधरा-वीस मिनिटं. आधी ते बोटांना चिकटतं, मग तार धरतं, शेवटी परात सोडतं. गव्हातलं ग्लुटेन या आपटण्यानंच जुळून येतं. थोडा वेळ झाकून ठेवल्यावर गोळा दोन्ही हातांवर झुलवत लांबवायचा आणि तापल्या मडक्यावर टाकायचा. इथे विचार करत थांबलात की रोटी कोपरावरून ओघळलीच. फेरतपासणीला जागाच नाही, आणि मला तेच लागू पडलं.

पहिलं मडकं सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून आणलं आणि गॅस एकदम मोठा केला. टण्णकन तडकलं. दुसऱ्या मडक्यावर जी रोटी पडली तिला मधोमध बशीएवढं भोक. मी ती गुंडाळून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी तरुणपणी लग्नाकार्यांत अशा रोट्यांचे ढीग घातलेत. म्हणाल्या, "काऊन फेकतं रे बाबू? पोटात गेल्यावर भोक कोणाले दिसते?" आणि तिथेच उभ्यानं वांग्याच्या भाजीबरोबर ती खाल्ली.

त्या दिवशी स्वतःला एक नियम घातला: जे होईल ते त्याच रात्री पानात वाढायचं, आणि वाढताना "आज जरा बिघडलंय हं" म्हणायचं नाही. रोटीपेक्षा हे अवघड गेलं, खरं सांगतो. वाक्य तोंडाशी यायचं, बायको माझ्याकडे बघून हसायची. पण आपण न सांगितलेल्या निम्म्या चुका कोणाच्या लक्षातही येत नाहीत, हे तिथेच कळलं. फोटो काढणंही बंद केलं. फोटो काढला की मी भोकं मोजत बसतो.

हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे) तेव्हा सांबारवडीला हात घातला. पहिल्या घाण्यातल्या बहुतेक वड्या तेलात फुटल्या, कारण कोथिंबीर धुऊन नीट कोरडी केली नव्हती. पुढच्या खेपेला ती रात्रभर पंच्यावर पसरून ठेवली. फुटलेल्या वड्यांना मी आता चूक म्हणत नाही, शिकण्याचा खर्च म्हणतो.

ऑफिसात मात्र फारसा फरक नाही. ताळेबंद मी अजून तीनदा बघतो, आणि बघायलाच हवा, तिथे दुसऱ्याचे पैसे असतात. पण नोंदवहीतली टिपणं पुन्हा पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवणं सुटलं. ईमेलही आता दोन वाचनांत जातात.

करून बघायचंच ठरवलंत तर मडकं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पूर्ण वाळू द्या, आणि आच हळूहळू वाढवा. मे महिन्यात मुळीच करू नका. बाहेर ४५ अंश आणि समोर मडकं, त्यात माणूसच भाजून निघतो. दोन मडकी आणा. एक फुटणार आहे.