त्रास काहीच नाही, मग एलडीएल १६२ ची काळजी का करायची?

वडील पूर्ण शाकाहारी आहेत, रोज फिरायला जातात, छातीत कधी दुखलेले नाही, तरीही रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १६२ (मिग्रॅ/डेसिलिटर) कसे आले आणि ते कमी करणारी गोळी खरोखरच घ्यावी का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु सहा वर्षांपूर्वी माझा आकडा १७१ आला, तेव्हा "मी तर अंडेसुद्धा खात नाही" हे वाक्य मीही डॉक्टरांना ऐकवले होते.

शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, ते शरीर स्वतःच तयार करते. रक्तात ते विरघळत नसल्यामुळे प्रथिनयुक्त सूक्ष्म कणांतून वाहून नेले जाते आणि एलडीएल हा त्यांपैकीच एक कण. 'वाईट' हे विशेषण खरे तर या कणाचे आहे. यकृताच्या पेशींवरील रिसेप्टर (कण पकडणारी प्रथिने) हे कण रक्तातून उचलून घेतात, आणि या शोधाबद्दल ब्राउन व गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तूप, लोणी, खोबरेल यांतील संपृक्त मेदाचे प्रमाण वाढले की हे रिसेप्टर कमी होतात आणि कण रक्तातच रेंगाळतात. काही घराण्यांत तर रिसेप्टरांतील दोष जन्मतःच असतो. म्हणून शाकाहार हे कवच ठरत नाही. (शेंगदाणा तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापण्यात काहीच विशेष नाही, कारण वनस्पतिजन्य तेलात ते जवळजवळ नसतेच.)

रेंगाळणारे कण धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात आणि तेथे वर्षानुवर्षे मेदाचा थर साचत जातो, पण तो दुखत नाही. एखाद्या दिवशी थरावरचा पापुद्रा फाटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. अनेकांच्या बाबतीत हेच पहिले लक्षण असते.

अर्थात १६२ चा अर्थ सर्वांसाठी सारखा नसतो. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात आलेला झटका यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. थायरॉईडचीही तपासणी करून घ्यावी, कारण ते मंदावले तरी एलडीएल वाढते. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी सामान्यतः ७० च्या खालचे लक्ष्य ठेवतात.

गोळी सुरू झालीच, तर वडिलांनी माझी चूक करू नये. आकडा ९४ वर आल्यावर मी "बरे झाले" म्हणून ती परस्पर बंद केली, आणि तीन महिन्यांनी अहवालात पुन्हा १६८ होते.