पाचगणीजवळच्या घरात जुनी लोखंडी शेगडी बसवावी का, आणि तिच्यावर स्वयंपाक होतो का?

तुमचा प्रश्न असा, की पाचगणीजवळ कौलारू घर घेतलंय, भंगारात धुराड्याची एक जुनी लोखंडी शेगडी मिळतेय, ती घ्यावी का आणि तिच्यावर जेवण होतं का. घ्या. पण शेगडीला जेवढे पैसे मोजाल तेवढेच पाईपला बाजूला ठेवा. माझ्याकडं महाबळेश्वरच्या वाटेवर अशीच एक बुखारी, म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी, सहा हिवाळे चालू आहे, आणि पहिल्या वर्षी जो ताप झाला तो सगळा पाईपाचा.

घेताना मोबाईलची बॅटरी लावून आत ठेवा, दार लावा आणि अंधारात चारी बाजूंनी बघा. कुठं उजेडाची रेघ दिसली तर तिथं चीर आहे. पत्रा असेल तर वेल्डिंग होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असेल तर सोडून द्या. चिरलेलं बीड साध्या वेल्डिंगला दाद देत नाही, तापलं की शेजारीच पुन्हा तडकतं. आतली जाळी जळालेली असली तर बिनधास्त घ्या. मी जुनी जाळी नमुन्याला देऊन नवी ओतून आणली. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी अलगद सुटली तर कडेची दोरी गेली. जुन्या शेगड्यांत ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून कोरडी खरवडू नका. ओली करून, तोंडाला मास्क लावून काढा आणि काचतंतूची नवी बसवा.

आता पाईप. आमच्या फॅब्रिकेटरनं धूर बाहेर येऊ नये म्हणून वरचा पाईप खालच्यावर टोपीसारखा चढवला. ऐकायला बरोबर वाटतं. पंधरा दिवसांत प्रत्येक सांध्यातनं डांबरासारखा काळा रस भिंतीवर ओघळला, आणि तो वास चुन्याचे दोन हात मारूनही गेला नाही. वरच्या पाईपाचं तोंड खालच्याच्या आत पाहिजे, म्हणजे ओघळ आतल्या आत परत जाळात येतो. शेगडीजवळचा पाईप साध्या काळ्या पत्र्याचा घ्या. जस्त चढवलेला तापला की त्याचा धूर बाधतो. छपरातनं जिथं निघतो तिथून वर किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आत जे उंच असेल त्याच्याहून 2 फूट जास्त. एकेरी पाईपापासून लाकूड दीड फूट लांब, शेगडीपासून 3 फूट. वासे आणि रिपा यांतनं जाताना मात्र दुहेरी पाईप, मध्ये सिरॅमिक लोकर. कौलाच्या भोकाभोवती सिमेंट भरू नका, पाईप तापून वाढतो आणि सिमेंट सुटतं. पाईपालाच पत्र्याची छत्री करून घ्या. वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वराच्या शेजारी राहायचं, तर ही छत्री शेगडीहून मोलाची.

लाकूड आसपासचं तोडू नका. 2001 पासून हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, आणि आवारातलं झाड असलं तरी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. मी वाईकडनं बाभूळ आणतो आणि फोडून एक अख्खा उन्हाळा पडवीत रचून ठेवतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: सुकं लाकूड टणकन वाजतं, ओलं थप्प करतं. ओल्यानं टोकाला फेस येतो, पाईपात काळा थर धरतो आणि एक दिवस पाईपच पेटतो. म्हणून पेटवायला सुरुवात करण्याआधी एकदा आणि हिवाळ्याच्या मध्यात एकदा पाईप घासून काढा. खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि धुमसती शेगडी कोंडून झोपायचं नाही, यात हयगय नको.

स्वयंपाक होतो, पण बटण फिरवून जाळ कमी-जास्त करायची सवय सोडावी लागते. इथं भांडं सरकवायचं. पाईपाच्या बुडाशी सगळ्यात जास्त धग, कडेला मंद. अक्खा मसूर सकाळी कडेला ठेवला की दुपारी लोण्यासारखा. या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ रेंगाळते; घाई असेल तर कुकर.

भाकरीला आमच्या घरात आधी नाकं मुरडली गेली. वर जाळच दिसत नाही, मग फुगणार कशी? तवा पाईपाजवळ ठेवायचा, पाण्याचा थेंब नाचायला लागला की भाकरी टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची. मग शेगडीचं दार उघडून निखाऱ्यांसमोर उभी टेकवायची, चुलीत करतात तशीच. पाठ निखाऱ्याकडं. दहा-बारा सेकंदांत पापुद्रा सुटतो आणि सगळी फुगते. राख लागते थोडी, झटकायची.

फोडणीसाठी मात्र गॅस ठेवा. शेगडीवर मोहरी तडतडेपर्यंत लसूण करपतो, आणि कढई सरकवायला जावं तर तोवर कढीलिंबही काळा.