प्रोजेक्टर चालला नाही तर व्याख्यान कसं द्यायचं?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो, राहायला नौपाड्यात. ठाण्याच्या किल्ल्याविषयी बरीच वर्षं वाचतो आहे. गेल्या महिन्यात एका सभागृहात त्यावर पहिलंच जाहीर व्याख्यान होतं. साठेक स्लाइड केल्या होत्या. तिथल्या प्रोजेक्टरची वायर माझ्या लॅपटॉपला बसेना. कुठूनतरी जोडणी मिळवली, तर कार्यक्रमासाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. माईक सारखा शिट्टी मारत होता. अर्धा तास त्यातच गेला आणि बरेच लोक उठून गेले. आता कोपरीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं बोलावलं आहे. नकार द्यावा, की स्वतःचा प्रोजेक्टर विकत घ्यावा?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : नकार मुळीच देऊ नका. प्रोजेक्टरही घेऊ नका. तुमच्याकडे जो विषय आहे, त्याला पडद्याची गरज फार थोडी आहे.

जरा विचार करा. ठाणेकर त्या तटाशेजारून रोज रिक्षानं जातात. आत मध्यवर्ती कारागृह असल्यामुळे सहज आत शिरून किल्ला बघता येत नाही. म्हणजे समोर बसलेल्या प्रत्येकाला तो बाहेरून माहीत आहे आणि आतून कुणालाच नाही. इतिहास सांगणाऱ्याला याहून चांगले श्रोते कुठे मिळणार?

सुरुवात त्रिंबकजी डेंगळ्यांपासून करा. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाच्या खास मर्जीतल्या त्रिंबकजींवर आला. इंग्रजांनी पेशव्यावर दबाव आणून त्यांना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्याला गोरे शिपाई ठेवले. त्यांना मराठी येत नव्हतं. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा राखता राखता मराठीत गाणी म्हणायचा. पहारेकऱ्यांना ती नुसती गाणी वाटली. त्यातून सुटकेचा बेत आत पोचत होता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर यांनी त्या गाण्याचा आशय आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजीत लिहून ठेवला आहे.

हे सांगायला कोणती स्लाइड लागते? खिडकी कुठे, पहारेकरी कुठे, घोडा कुठे, एवढं हातानं दाखवा. मी शाळेत इतिहास शिकवला, डोक्यावर खडखडणारे पंखे आणि बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट असताना. माणसं, जागा आणि पुढे काय झालं ही उत्सुकता असली की मुलं ऐकतात. मोठी माणसंही त्यासाठीच थांबतात.

मग मागे जा : पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमाराला बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ मध्ये तो अपुरा असतानाच मराठ्यांनी घेतला, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. हा भाग थोडक्यात उरका. सालांची यादी ऐकायला कोणी आलेलं नसतं. आणि १८५३ ची आगगाडी यात घालू नका. ठाण्यावर बोलताना तो मोह प्रत्येकाला होतो, पण ती वेगळ्या संध्याकाळची गोष्ट आहे.

चित्र खरोखर लागतं ते एकच, नकाशा. खाडी, किल्ला, मासुंदा तलाव, कोपिनेश्वर आणि आजचं स्टेशन. तो झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून घ्या, शिवाय लहान प्रती रांगांतून फिरू द्या. कागद हातात आला की शेजारचे दोघे आपसात बोलू लागतात, आपलं घर शोधतात. ती कुजबुज थांबवू नका.

तरी आठ-दहा स्लाइड ठेवायच्या असतील तर जरूर ठेवा. मराठी बिघडली याचं कारण बहुधा तुमचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा असणार आणि तो त्या लॅपटॉपवर नसणार. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि फाइलची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच राहतो. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि फोनमध्येही ठेवा. जुन्या प्रोजेक्टरना व्हीजीए लागतं, नव्या लॅपटॉपला एचडीएमआय किंवा सी-टाइप असतं. मधली जोडणी स्वतःची न्या. ती काही शे रुपयांत मिळते, प्रोजेक्टरला हजारो लागतात. आदल्या दिवशी संघाच्या हॉलवर जाऊन सगळं जोडून बघा आणि चावी कोणाकडे असते तेही विचारून ठेवा. दुपारचा कार्यक्रम असेल तर पडदे आहेत का पाहा. उघड्या खिडकीसमोर चांगला प्रोजेक्टरही फिका पडतो.

माईकची शिट्टी येते ती स्पीकरमधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की. स्पीकर तुमच्या पुढे हवेत, तोंड श्रोत्यांकडे. माईक हनुवटीजवळ धरा आणि आवाज थोडा कमी करायला सांगा. तरी थांबली नाही तर माईक बंद करा. पन्नास-साठ माणसांच्या खोलीत तो नसला तरी भागतं : खुर्च्या अर्धवर्तुळात पुढे ओढून घ्या, रस्त्याकडच्या खिडक्या लावा, पंख्यांचा वेग कमी करा, भिंत पाठीशी घेऊन उभे राहा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आधीच पुढे बसवा. ज्येष्ठ नागरिकांसमोर हे सर्वांत महत्त्वाचं आहे.

आणि एक ठरवून ठेवा. यंत्र पाच मिनिटांत चाललं नाही तर ते दुसऱ्या कुणाकडे सोपवून तुम्ही बोलायला लागा. तुमच्या व्याख्यानात लोक उठले ते तुम्ही वायरकडे वळून उभे होतात म्हणून. विषय अजून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

शेवट कान्हेऱ्यांवर करा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे, आणि कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे, या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. हे माईकशिवाय, दोन पावलं पुढे येऊन सांगा.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या मंडळात नवी मुंबईच्या इतिहासावर बोलायचं आहे. गावठाणातल्या एका आजोबांच्या जमिनींसाठी झालेल्या १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनाच्या आठवणी मी फोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. घरी छान ऐकू येतात, पण हॉलच्या स्पीकरवर लावून पाहिलं तर काहीच कळत नाही. काय करू?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : फोन माईकसमोर धरत असाल तर ते थांबवा. फोनमधून साउंड सिस्टीमला थेट ऑक्स वायर लावा. हल्लीच्या बऱ्याच फोनना त्यासाठी वेगळी पिन लागते. आवाज तरीही पुसट असेल तर त्यातली नेमकी वाक्यं कागदावर उतरवून तुम्हीच वाचून दाखवा, त्यांच्याच बोलीत, दुरुस्ती न करता. १७ मार्च १९७० ला नवी मुंबई वसवणारं सिडको स्थापन झालं, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला, हे सगळं तुम्ही सांगाल. त्या दिवशी शेतात कोण होतं ते मात्र आजोबाच सांगू शकतात. त्यांची तब्येत ठीक असेल तर आधी त्यांनाच विचारा, याल का म्हणून. येत असतील तर तुमचं बोलणं निम्म्यावर आणा, त्यांना हाताची खुर्ची द्या आणि रिक्षाचे जाण्यायेण्याचे पैसे मंडळाकडून घेऊन ठेवा.