ईएसआर नॉर्मल, तरी आजार अ‍ॅक्टिव्ह कसा?

आमवातात ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) १२, म्हणजे नॉर्मल आला असताना डॉक्टर औषध वाढवायचं म्हणतात, हे तुम्हाला पटत नाहीये. पण कागदावरचे बाकीचे आकडे तुम्हीच दिलेत: दुखरे सांधे ६, सुजलेले ४, आजाराच्या त्रासाला तुम्ही स्वतः १०० पैकी दिलेले ५०, आणि या सगळ्यांवरून काढलेला आजाराच्या जोराचा आकडा, डीएएस-२८, आलाय ४.३७. उत्तर त्यातच आहे.

आमवातात ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) नॉर्मल असूनही सांधे सुजलेले असणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून तर डॉक्टर हाताने सांधे तपासतात. खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस, असे २८. अंगठ्याने, नखाचा रंग फिका पडेल इतकं दाबायचं. दुखलं तर दुखरा. सूज मात्र बोटांना मऊ, लिबलिबीत लागते. ती वेगळी मोजतात. डीएएस २.६ च्या खाली आजार शांत, ३.२ पर्यंत सौम्य, ५.१ च्या वर तीव्र. तुम्ही मध्यम गटात येता.

आता एक गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगते. या सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्यांच्या दुप्पट वजन आहे. तुमचा एकही सांधा सुजलेला नसता, तरी आकडा ३.८ च्या आसपास, म्हणजे मध्यमच आला असता! फायब्रोमायल्जिया (सांधे सुजलेले नसताना अंगभर दुखण्याचा आजार) असलेल्यांचा आकडा असाच फुगतो. अशा वेळी औषध वाढवण्याआधी मी नक्की प्रश्न विचारला असता. पण तुमचे चार सांधे खरोखर सुजलेत, आणि सूज राहिली की हाड झिजतं. त्यामुळे मला डॉक्टरांचं म्हणणं बरोबर वाटतं.

उलटा प्रकारही होतो. टोसिलिझुमॅब हे आमवाताचं औषध घेणाऱ्यांचे सीआरपी, ईएसआर औषधामुळेच खाली येतात आणि डीएएस खोटा चांगला दिसतो. तिथे सीडीएआय हा आजाराचा जोर मोजणारा दुसरा आकडा बरा, त्यात रक्ततपासणी नसतेच. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या निदानाच्या रक्ततपासण्या दर वेळी करून घेऊ नका, निदान झाल्यावर आजाराचा जोर त्यावरून मोजत नाहीत.

दर भेटीला नुसता डीएएस नको, चारही आकडे (दुखरे सांधे, सुजलेले सांधे, तुमचे गुण, ईएसआर) लिहून मागा. आणि पावलं दुखत असतील तर चप्पल काढून दाखवा, कारण पावलांचे सांधे या २८ मध्ये धरलेलेच नाहीत.