वाचलेल्यांची भयकथा लिहिताना

प्रिय लेखिके,

सप्रेम आशीर्वाद.

जोन्सटाउनवरील तुझ्या भयकथेचा खर्डा लक्षपूर्वक वाचला. गयानाच्या जंगलातील त्या वस्तीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी ९०९ माणसे, बहुतेक विषारी पेयाने, मेली आणि त्यांत तीनशेहून अधिक मुले होती, हे तू जीव ओतून लिहिले आहेस. तरीही मला वाटते की तू कथा जिथे संपवलीस, तिथे ती सुरू व्हायला हवी. तुझी नायिका त्या दिवशी राजधानी जॉर्जटाउनला होती म्हणून वाचली. तिच्या पुढल्या आयुष्याला तू जेमतेम दोन परिच्छेद दिले आहेस.

त्या वस्तीत पीपल्स टेम्पल या पंथाचा प्रमुख जिम जोन्स वेळोवेळी सामूहिक मरणाचा सराव करवून घेत असे. रात्री-अपरात्री ध्वनिक्षेपकावरून सर्वांना मंडपात बोलावले जाई. एकदा तर रांगेने पेय देऊन त्यात विष असल्याचे सांगण्यात आले, आणि लोक मरणाची वाट पाहू लागल्यावर ही निष्ठेची परीक्षा होती असा खुलासा झाला. आता तुझ्या नायिकेचा विचार कर. त्या दिवशी आपण तिथे असतो तर प्यायलो असतो का, हा प्रश्न तिला पडणारच नाही, कारण सरावाच्या रात्री तिने पेला रिकामा केला होता. माझ्या मते खरी भीती इथे आहे. तू पेरलेल्या भुतांची तिला गरज नाही.

तिला भोळी मात्र ठरवू नकोस. काळे आणि गोरे एका बाकावर बसतात, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जाते, हे पाहून माणसे पीपल्स टेम्पलमध्ये आली होती आणि त्यांतले पुष्कळसे खरेही होते. तिला त्या वस्तीची आठवण येऊ दे, तिथल्या माणसांवरचे तिचे प्रेम शाबूत राहू दे. ते प्रेम नसेल तर कथेला धार येणार नाही. जोन्सची लांबलचक भाषणे गाळ. आणि खऱ्या वाचलेल्यांपैकी कुणाचेही नाव किंवा चरित्र उसने घेऊ नकोस, कारण त्यांतले काही जण आजही ते दुःख घेऊन जगत आहेत.

त्या शेवटच्या सभेची सुमारे ४४ मिनिटांची ध्वनिफीत नंतर सापडली. तीत एक स्त्री मुलांना जगण्याचा हक्क आहे असे ठामपणे सांगते आणि भोवतालची माणसेच तिला गप्प करतात. पुढच्या खर्ड्यात तुझ्या नायिकेला ती फीत ऐकायला बसव, आणि गप्प करणाऱ्या आवाजांत तिला स्वतःच्या बहिणीचा आवाज ओळखू येऊ दे.

तुझा,
एक ज्येष्ठ लेखक