आधी कागद, मग मशीन

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

लॅबमधले कॉम्प्युटर जुनाट आहेत, नागपुरात राहून सुपरकॉम्प्युटिंग कसं शिकू, असं विचारलंस. विजय भटकर इथल्याच व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, ज्याला आता तुम्ही व्हीएनआयटी म्हणता. 1991मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. तेव्हा नागपूरची सबब पुन्हा नको.

आज मशीन बंदच ठेव. कागदावर मधोमध एक टिंब काढ, भोवती दहा टिंबं, सगळी फक्त मधल्याला जोडलेली. मधलं सबस्टेशन समज, बाकीची गावं. लोड फ्लोची, म्हणजे जाळ्यात कुठून किती वीज वाहते याची समीकरणं सोडवताना एकेक टिंब पुसत जायचं (म्हणजे त्याचा अज्ञात आकडा समीकरणांतून काढून टाकायचा), आणि पुसलेल्याचे उरलेले शेजारी आपसात जोडायचे. मधलं आधी पुसलंस तर 45 नव्या रेघा ओढाव्या लागतील. कडेपासून पुसत आलीस तर एकही नाही. उत्तर तेच, मशीन तेच!

आता दहा हजार बस घे. (बस म्हणजे जाळ्यातला जोड, एसटी नव्हे.) समीकरणांच्या तक्त्याची, म्हणजे मॅट्रिक्सची घरं झाली 10 कोटी, पण एकेका बसला शेजारी तीन-चारच, म्हणजे बाकी सगळी शून्यं. नवी रेघ पडली की शून्याच्या जागी आकडा येतो आणि काम वाढतं. ही शून्यं शक्यतो शून्यच राहावीत म्हणून पुसण्याचा क्रम कसा लावायचा, ते टिनी आणि वॉकर यांनी 1967च्या निबंधात मांडलं. टिनी अमेरिकेतल्या एका वीज यंत्रणेतले इंजिनिअर. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, आपल्याच बिरादरीतला माणूस ना!

मोठी मशीन लागतच नाही असं मात्र समजू नकोस. हवामानाच्या मॉडेलमध्ये चौकट 12 किलोमीटरवरून 6वर आणली की चौकटी चौपट होतात, वेळेचं प्रत्येक पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे पावलं दुप्पट. काम आठपट. तिथं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचा 'अर्का' सुपरकॉम्प्युटरच हवा. मे महिन्यात नागपुरातले कूलर एकदम सुरू होतात तेव्हा विजेची मागणी किती चढेल, हा अंदाजही उद्याच्या पाऱ्यावरच बेतलेला असतो.

माझी एक फजिती सांगतो. 25 एमव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) 10 टक्के, तो त्याच्या स्वतःच्या बेसवर. (बेस म्हणजे ज्या क्षमतेच्या तुलनेत टक्के मोजायचे ती.) आमचं सगळं गणित 100 एमव्हीएच्या बेसवर, म्हणजे 40 टक्के भरायला हवे होते. मी 10च भरले. प्रोग्राम रात्रभर चालला आणि छान कन्व्हर्ज झाला, म्हणजे उत्तर एका जागी स्थिरावलं, तिथंच घात झाला. आकडे दिसायला इतके साळसूद की मी रिपोर्टही टाइप करून टाकला. साहेबांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं, "हा कोणाच्या बेसवर?" मी गप्प.

रविवारी ये. येताना दहा टिंबं गोल रिंगणात जोडून आण. त्याला कडच नाही, मग पुसायला कुठून सुरुवात करशील आणि नव्या रेघा किती पडतील, ते मला कागदावर दाखव. काकू तर्री-पोहे करणार आहे, उपाशी ये.

तुझा,
काका